पोटरीतली गाठ मशीनवर मोजता येते का?

घाटातला पळपुट्या (सातारा): यवतेश्वर घाटात पळून पळून उजव्या पोटरीत गाठ झालीय, दाबली की कळ थेट टाचेत. फिजिओ म्हणतात ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतली आवळलेली दुखरी जागा. मायोटन नावाचं हातात धरायचं मशीन असतं म्हणे, त्यात कळतं का खरंच? घ्यावं का?

तालीमवाला (सांगली): ते एस्टोनियाचं हाय. स्नायूवर बारीक टिचकी मारतं, १५ मिलिसेकंदाची, आन स्नायू कसा थरथरतो त्यावरून टोन, म्हंजे सैल सोडलेल्या स्नायूतला ताण, हर्ट्झमध्ये देतं, ताठरपणा न्यूटन पर मीटरमध्ये. पण भावा, दुखणं मोजत नाय ते! त्याला अल्गोमीटर, १ चौरस सेंमीचं रबरी टोक हळूहळू दाबायचं, दुखायला लागलं की थांबून आकडा लिहायचा.

फिजिओताई: दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, पाय सैल सोडून, खूण केलेल्या जागीच. पळून आल्या आल्या मोजलं तर आकडा भलताच येणार. आणि नुसत्या आकड्यावर ट्रिगर पॉइंट ठरत नाही, चाचपावं लागतंच, त्यातही दोन फिजिओंचं एकमत होईलच असं नाही 😄 पोटरी सुजली, गरम लागली तर मात्र आधी डॉक्टर.

घाटातला पळपुट्या: सूज नाही. म्हणजे विकत नको, बायको खूश.

तालीमवाला: घाट बंद कर आठवडाभर.