मदत हवी आहे : विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यासाठी केलेल्या पोशाखाचा रंग तडकत आहे, नऊच दिवस उरले आहेत

निळी_ठिणगी (सोलापूर) | शुक्रवार, रात्री ११.४०

नमस्कार. पुढच्या रविवारी मेळावा आहे आणि माझ्या पोशाखाच्या खांद्यांवरचा आणि कोपरांवरचा रंग तडकत आहे. दोनदा खरवडून पुन्हा रंगवला, तरी हात एकदा वाकवला की कोपराच्या टोकापासून बारीक रेघा निघतात आणि संध्याकाळपर्यंत पापुद्रे सुटू लागतात. काल तर खांद्यावरचा नखाएवढा तुकडा निखळला आणि आतले पांढरे दिसू लागले. दुकानातून घरी आल्यावर रोज रात्री दोन-दोन तास बसून केलेले हे तीन महिन्यांचे काम आहे. रंग कोणता वापरावा एवढेच कृपया सांगावे. व्हिडिओंचे दुवे नकोत, ते सगळे पाहून झाले आहेत.

अवकाशयात्री_पुणे | शनिवार, सकाळी ७.१५

मेळावा कोणत्या गावी आहे? पोशाख कशाचा केला आहे? पात्र कोणते आहे? यांपैकी काहीच लिहिले नसल्यामुळे उत्तर देणे कठीण आहे.

रंगारी | शनिवार, सकाळी ८.०२

थर्मोकोल असणार. थर्मोकोलवर डब्यातला फवारणीचा रंग मारला की त्यातले द्रावक थर्मोकोल विरघळवते, खड्डे पडतात आणि वरचा रंग आधाराविना राहून फुटतो. माझ्या पुतण्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंत्रमानवाचे डोके असेच बसले होते. आधी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यावरच फवारणी करावी.

निळी_ठिणगी | शनिवार, दुपारी २.३०

थर्मोकोल नाही, फोम आहे. अशा पोशाखासाठी सगळे जण फोमच वापरतात, म्हणून वेगळे लिहिले नाही. चपलांच्या तळव्यांना असतो तोच काळा ईव्हीए फोम आहे, खांद्यांना १० मिलिमीटरचा आणि कोपरांना ६ मिलिमीटरचा. चपलांच्या साहित्याच्या दुकानातूनच आणला. आकार हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) दिला आहे आणि जोड सोल्युशनने चिकटवले आहेत. ते जोड पक्के आहेत, त्यांची तक्रार नाही. रंग ऑइल पेंट आहे. मेळावा पुण्यात आहे. आता तरी कृपया रंगाचे सांगावे.

शिलाईयंत्र | शनिवार, दुपारी ४.१०

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात चौतीस वर्षे गणवेश शिवतो आहे. रंगाचा नाद सोडावा असे मी मनापासून सांगतो. जे अंग वाकते, तेथे कापडच हवे. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांचे पोशाख अमेरिकेतील ज्या कंपनीने तयार केले, ती त्याआधी स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवण्यासाठी ओळखली जात होती, आणि ते पोशाख त्याच कंपनीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी शिलाई मशीनवर शिवले. एकावर एक २१ थर होते आणि शिवण इंचाच्या चौसष्टाव्या भागापेक्षा जास्त सरकलेली चालत नसे. एखादी टाचणी आत राहून गेली असती तर हवाबंद थराला भोक पडून माणूस दगावला असता, म्हणून टाचण्यांवरसुद्धा कडक पहारा असे. मी पन्नास-पन्नास गणवेशांचे गठ्ठे बांधून पाठवतो, तेव्हा मला त्या बायकांची आठवण होते. सोलापुरात राहून कोपर फोमचे कशासाठी करायचे?

रंगारी | शनिवार, सायंकाळी ५.४५

शिलाईयंत्र काका, आपल्या अनुभवाचा मान राखून लिहितो, परंतु धागाकर्तीने रंगाबद्दल विचारले आहे. तीन महिन्यांचे काम टाकून नव्याने शिवा, हे नऊ दिवस उरले असताना सांगणे बरे नव्हे.

मला मात्र एक गोष्ट खटकते आहे. फोम काळा आहे असे आपण म्हणता आणि तुकडा निखळल्यावर आत पांढरे दिसले असेही म्हणता. काळ्या फोमवर पांढरे कुठून आले? रंगाच्या आधी काय लावले होते?

शिलाईयंत्र | शनिवार, सायंकाळी ६.२०

टाकून द्या असे मी कुठेही म्हटलेले नाही. वाकणाऱ्या जागेपुरते बोललो.

अवकाशयात्री_पुणे | शनिवार, रात्री ९.००

पात्र कोणते, हे अजूनही कळलेले नाही. मी अशा मेळाव्यांना पाच-सहा वेळा गेलो आहे, त्यावरून सांगतो की चित्रपटातले ओळखीचे पात्र असेल तरच लोक थांबतात आणि छायाचित्र काढतात. अनोळखी पोशाखाजवळून गर्दी तशीच पुढे जाते.

निळी_ठिणगी | शनिवार, रात्री ११.५५

फोमच्या जोडांवर फटी दिसत होत्या, म्हणून भिंतीला लावतात ती पुट्टी भरली आणि पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून सगळीकडे पातळ थर दिला. घरी रंगकाम झाले तेव्हाची शिल्लक होती. त्यात चूक आहे का?

पात्र कोणत्याही चित्रपटातले नाही, माझ्याच कथेतले आहे. लघुग्रहावरच्या खाणीत वेल्डिंग करणारी ती बाई आहे. तिच्या उजव्या खांद्यावर वितळलेल्या धातूचे थेंब उडून पडलेल्या खुणा आहेत, आणि नेमक्या त्याच खांद्याचा तुकडा निखळला आहे.

रंगारी | रविवार, सकाळी ७.३०

सापडले. दोष रंगाचा नाही, पुट्टीचा आहे. भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते आणि ती न हलणाऱ्या भिंतीसाठीच केलेली असते. आपला फोम वाकतो, पुट्टी वाकत नाही, म्हणून ती फुटते आणि स्वतःबरोबर रंगही घेऊन जाते. वर जगातला कोणताही रंग लावला तरी हेच होईल. ऑइल पेंटही वाळल्यावर कडक होत जातो, त्यामुळे वाकणाऱ्या जागेवर तोही नको.

आता असे करावे. तुकडे हाताने वाकवून पुट्टी सैल करावी, सुटेल तेवढी काढावी आणि उरलेली बारीक पॉलिश पेपरने घासावी. हे घासकाम उघड्या जागी, नाकातोंडाला मास्क बांधूनच करावे. मग हीट गन लांबून, एका जागी न थांबवता फिरवावी. फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकू लागला की त्याची छिद्रे मिटली असे समजावे. त्यानंतर फेव्हिकॉलमध्ये निम्मे पाणी घालून पातळ हात द्यावेत, एक वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, असे चार तरी व्हावेत. वर अ‍ॅक्रिलिक रंग लावावा, कारण त्याचा थर वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो. रंग जाड लावू नये, पातळ हात जास्त द्यावेत.

चाटी_गल्ली | रविवार, सकाळी १०.०५

फटींसाठी सिलिकॉन भरावे. बाथरूमच्या कोपऱ्यांना लावतात ते. रबरासारखे वाकते, वर्षानुवर्षे फुटत नाही.

रंगारी | रविवार, सकाळी १०.२०

सिलिकॉन अजिबात भरू नये. ते वाकते हे खरे आहे, परंतु त्यावर रंग धरत नाही, बोट फिरवले की निघून येतो. त्याच आकाराच्या नळीत अ‍ॅक्रिलिक सीलंट मिळते, ते घ्यावे. ओल्या बोटाने फटीत दाबून सारखे करावे आणि रात्रभर वाळू द्यावे.

चाटी_गल्ली | रविवार, सकाळी १०.४०

माझ्या दुकानाच्या पाटीवर सिलिकॉन भरून वर रंग दिला होता, तो चार वर्षे टिकला आहे.

रंगारी | रविवार, सकाळी १०.५०

नळीवरचे छापील नाव पाहावे. ते अ‍ॅक्रिलिकच निघेल.

चाटी_गल्ली | रविवार, दुपारी १.१५

नळी सापडली. अ‍ॅक्रिलिकच आहे. दिलगीर आहे.

रोजचा_प्रवासी | रविवार, दुपारी ३.००

पुण्याचा मेळावा एका दिवसात करायचा असेल तर हुतात्मा एक्सप्रेसचे आरक्षण आताच करावे. ती सोलापुरातून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते, साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोहोचते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत निघते. म्हणजे स्थानकापासूनचे जाणे-येणे धरून मेळाव्यासाठी पाच तासच मिळतात. पोशाख गाडीत घालून बसू नये. खांदे एकात एक बसवून चादरीत गुंडाळावेत आणि वरच्या फळीवर ठेवावेत, वर कोणाची बॅग येणार नाही याकडे मात्र लक्ष ठेवावे.

निळी_ठिणगी | रविवार, रात्री १०.३०

आरक्षण दोन महिन्यांपूर्वीच झाले आहे, ते विचारले नव्हते. चादरीची सूचना मात्र उपयोगी आहे, मी खोके शोधत होते.

खांद्यांची पुट्टी आज निघाली. कोपरांची काढताना ६ मिलिमीटरचा फोमच चिरला, दोन्ही बाजूंचा. आता काय करू? नवीन फोम आणून कापायला, तापवायला, चिकटवायला वेळ नाही. आणि अवकाशयात्री यांनी लिहिले त्याप्रमाणे माझे पात्र कोणी ओळखणारच नसेल, तर जावे की नाही हाही प्रश्न आहे.

जुने_दिवाळीअंक | सोमवार, सकाळी ६.४५

निळी_ठिणगी, तिकीट रद्द करण्यापूर्वी हे वाचावे. विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. तेथे मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून गेले. ते दोन्ही पोशाख मर्टलबाईंनी स्वतः शिवलेले होते. पोशाख घालून संमेलनाला जाण्याची ही सारी रीत तिथून वाढत गेली. पुढे त्या संमेलनांत पोशाखांची रीतसर स्पर्धा होऊ लागली. १९७२ च्या लॉस एंजेलिसच्या संमेलनात एकाने अंगाला शेंगदाण्याचे लोणी फासून मंचावर प्रवेश केला, ते दुसऱ्यांच्या पोशाखांना लागले, आणि तेव्हापासून तसल्या पदार्थांना बंदी आली. म्हणजे नवे काही करून पाहणारे तेथे नेहमीच होते. ओळखीचे पात्र हवे, ही अट कोणी घातलेली नाही.

आपल्याकडेही लेखकाच्या नावावाचून कथेची पारख झालेली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि ते लेखक जयंत नारळीकर असल्याचे नंतर उघड झाले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. आपली कथा लिहून पूर्ण आहे का? असल्यास तिच्या पहिल्या पानाच्या वीस प्रती काढून न्याव्यात, आणि पोशाख पाहून जो थांबेल त्याच्या हातात एक द्यावी.

अवकाशयात्री_पुणे | सोमवार, सकाळी ९.३०

माझ्या लिहिण्याचा अर्थ जाऊ नये असा नव्हता. मी स्वतः नेहमी चित्रपटांतलीच पात्रे करत आलो, म्हणून तसे लिहिले. प्रवेशद्वारावर हातातल्या वस्तू तपासतात आणि धातूची, टोकदार वस्तू बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे वेल्डिंगची बंदूक खरी असेल तर घरीच ठेवावी. पाण्याची बाटली आणि सोल्युशनची छोटी नळी बरोबर असावी.

शिलाईयंत्र | सोमवार, सकाळी ११.००

ताई, कोपराचे मी पाहतो. चंद्रावरच्या पोशाखातसुद्धा सांधे वेगळ्या जातीचे होते, तेथे घड्या घातलेले रबर होते, भात्यासारखे. आपण तेच कापडात करू. गणवेशाच्या पँटचे राखाडी टेरीकॉट माझ्याकडे शिल्लक आहे. हात वाकतो तेव्हा कोपराच्या बाहेरच्या बाजूला कापड जास्त लागते आणि आतल्या बाजूला कमी, म्हणून चुण्या बाहेरच्या अंगाला पूर्ण उघड्या ठेवायच्या आणि आतल्या शिवणीत मिटवायच्या. वर दंडाशी आणि खाली मनगटाशी इंचभर रुंदीचे इलॅस्टिक. फोमचा खांदा वर जसा आहे तसाच राहील. दंडाचा घेर, मनगटाचा घेर, आणि हात वाकवून खांद्यापासून मनगटापर्यंत कोपरावरून घेतलेले माप, एवढे व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवावे. हात सरळ ठेवून माप घेऊ नये, सगळे तिथेच चुकतात. पत्ता व्यनित पाठवला आहे.

रंगारी | सोमवार, सकाळी ११.२५

काका, हे योग्य आहे. मी आधी ऐकायला हवे होते.

निळी_ठिणगी | शुक्रवार, रात्री ११.१०

खांद्यांना फेव्हिकॉलचे पाच हात आणि रंगाचे चार पातळ हात दिले. दाबून, वाकवून पाहिले, एकही रेघ नाही. कोपरांच्या बाह्या आज काकांनी दिल्या. पैसे घेतले नाहीत. काकूंनी त्या घालून पाहायला लावल्या आणि पाच-सहा वेळा हात वाकवायला, सरळ करायला सांगून चुण्या नीट मिटतात का ते स्वतः पाहिले.

निळी_ठिणगी | सोमवार, रात्री ८.४५

काल जाऊन आले. ज्यांनी मदत केली त्यांना सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रवेशाच्या रांगेत पाऊण तास गेला. फोमची बंदूक तपासणाऱ्याने ती वाकवून पाहिली आणि परत दिली. कपडे बदलण्याची खोली लहान होती, एका अनोळखी मुलीने माझे मागचे पट्टे बांधले आणि मी तिच्या पंखांच्या तारा सरळ केल्या. आत गेल्यावर पहिला तासभर खरोखरच कोणी थांबले नाही. मग एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन आले. त्या मुलाने खांद्यावरच्या थेंबांना बोट लावून विचारले, "हे कशाने भाजलं?" मी त्याला कथा सांगू लागले, खाणीत हवा नसल्यामुळे ठिणगी विझवायला वारा नाही आणि वजनच नसल्यासारखे असल्यामुळे वितळलेला थेंब खाली पडत नाही, सरळ येऊन अंगाला चिकटतो, इथपर्यंत आले तेव्हा भोवती सात-आठ जण उभे होते. त्यांपैकी एका काकूंनी विचारले, की थेंब निर्वातात लवकर थंड होईल का. मला उत्तर देता आले नाही. तिथे हवा नसल्यामुळे उष्णता फक्त किरणांनी बाहेर जाते आणि त्याला वेळ लागतो, असे त्यांनीच समजावले आणि थेंब उलट अधिक वेळ तापलेला राहील, म्हणजे कथेत बाईला भाजणे अधिक जास्त हवे, असे सांगितले. मी ते एका प्रतीच्या पाठीमागे लिहून घेतले. वीस प्रतींपैकी सतरा गेल्या.

साडेचारला निघावे लागले, तेव्हा चर्चासत्र अर्धेच ऐकून झाले होते. पुढच्या वेळी मुक्काम करीन.

खांद्याचा रंग शाबूत आहे. परत येताना हुतात्मामध्ये बॅग काढताना डाव्या बाहीची मनगटाकडची शिवण दोन बोटे उसवली आहे. शिलाईयंत्र काका, गुरुवारी दुकान उघडे असते का?

शिलाईयंत्र | सोमवार, रात्री ९.०५

उघडे असते. दुपारी चारनंतर यावे, आणि त्या कथेच्या उरलेल्या तीन प्रतींतली एक काकूंसाठी आणावी.