ब्लाइंड टेस्टिंगमध्ये नेब्बियोलो ओळखायची कशी?

रानवारा
बाटली झाकून चव घ्यायचा सराव चालू आहे. परवाची रेड वाइन उत्तर इटलीची, एवढंच सांगितलं होतं. रंग इतका फिका की ग्लासमागची अक्षरं वाचता येत होती, कडेला विटकरी छटा. द्राक्ष पिनो न्वार की नेब्बियोलो, शेवटपर्यंत ठरेना. कशावरून ठरवायचं?

द्राक्षवेल
रंगात अडकू नका, तोंडात काय होतं ते बघा. घोट वरच्या ओठाखाली फिरवा, थुंका आणि मग जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. नेब्बियोलो असेल तर जीभ अडखळते, ओठ दातांना चिकटल्यासारखा होतो. पिनो एवढी आवळत नाही. पाठोपाठ गालांतून लाळ सुटते, तो आंबटपणा. इतक्या फिक्या वाइनमध्ये एवढं टॅनिन (हिरड्या आवळणारं तुरट द्रव्य) आणि एवढं आम्ल एकत्र क्वचितच सापडतं.

विटकरी कड दिसली म्हणून वाइन फार जुनी असं धरू नका. या द्राक्षाच्या सालीत मॅल्व्हिडिन हे टिकाऊ रंगद्रव्य कमी असतं. जी जास्त असतात ती लवकर ऑक्सिडाइझ होतात. शिवाय बारोलो आणि बार्बारेस्को या नेब्बियोलोच्याच वाइन; बारोलो किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, बार्बारेस्को २६.

वासात सुकलेला गुलाब, आंबट चेरी. डांबराचा वासही सांगतात, पण तो मुद्दाम शोधत बसू नये असं माझं ठाम मत आहे. शोधलं की सगळीकडेच सापडतो.

मधलीआळी
आणि बार्बेरा द्राक्षाची वाइन? तीही नेब्बियोलोसारखी उत्तर इटलीतल्या पिएमोंतेचीच आणि आंबटच की.

द्राक्षवेल
आंबट आहे, पण रंग गडद जांभळट आणि टॅनिन अगदी कमी. हिरड्या मोकळ्या राहतात. तिथलीच दोल्चेत्तोही गडद, पण तिच्यात आम्ल कमी आणि शेवटी कडवट बदामासारखी चव रेंगाळते.

रानवारा
हिरड्या चांगल्याच आवळल्या होत्या. पण अंगाने वाइन हलकी वाटली, म्हणून बारोलो म्हणवेना.

द्राक्षवेल
मग वाल्तेल्लिना असू शकते. लोंबार्दीत आल्प्सच्या उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत हेच द्राक्ष पिकतं, तिथे त्याला कियावेनास्का म्हणतात. तिथली वाइन बारोलोपेक्षा सडपातळ असते. फक्त एक तपासा, बाटली थेट फ्रिजमधून काढली होती का? फार थंड असेल तर टॅनिन आहे त्याहून जास्त बोचतं. पुढच्या वेळी लांगे नेब्बियोलो (पिएमोंतेतल्या लांगे भागातली) आणि बार्बेरा दोन्ही झाकून शेजारी ठेवा, आणि वास घ्यायच्या आधी हिरड्यांवरून अंदाज लिहून काढा.