माळढोक संपत आला, जाब कोणाला विचारायचा?

माळरानी
माळढोक या माळरानावरच्या पक्ष्यासाठीचं सोलापूर-नगरचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढे छाटून १,२२२ वर आणलं. आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसलाच तर बातमी होते. देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पक्षी वाघाच्या बरोबरीने पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. संविधानाच्या ४८-अ कलमानुसार वन्यजीवांचं रक्षण ही राज्याची जबाबदारी. पूल पडला तर चौकशी लागते, निलंबन होतं. इथे एक अख्खी जात डोळ्यांदेखत चालली आहे, आणि उत्तर द्यायला कुणीच बांधील नाही. हे मला मान्य नाही.

मोहोळकर
जाब विचाराच, पण आधी आमचं ऐका. नकाशावर रेघ ओढली आणि गावंच्या गावं अभयारण्यात गेली. जमिनीचे व्यवहार अडकले, पोरीच्या लग्नाला दोन एकर विकायचे म्हटलं तरी अडचण. पक्ष्याशी आमचं वैर कधीच नव्हतं. सरकारनं त्याला आमच्या उरावर बसवला आणि मग लोक त्याच्या नावानं चिडायला लागले. आता पुन्हा कडक जबाबदारी म्हणाल, तर साहेब लोक शेतकऱ्यालाच कडक होतील.

माळरानी
दादा, तुमचं खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. सरकारने खासगी शेतं कागदावर राखीव केली, पण स्वतःच्या ताब्यातला माळ राखला नाही. गवताळ माळाची नोंद सरकारदरबारी ‘पडीक’. म्हणून तिथेच खड्डे खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावली. माळढोक मादी उघड्या जमिनीवर बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तिला चहूकडे लांबवर नजर जायला हवी. झाडं वाढली की नजर अडते आणि अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात. पवन्या, कुसळी ही गवतं मोडून झाडं लावली हा कुणा शेतकऱ्याचा गुन्हा नाही. तो निर्णय सही करून घेतलेला होता. त्या सहीचा हिशोब मागतेय मी.

सौरऊर्जावाला
मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माळढोक जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, वीजतारांवर आपटून मरतो, हे खरंच आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. २०२४ मध्ये तोच सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली, कारण उच्च दाबाच्या लांब वाहिन्या गाडणं व्यवहारात जमत नाही आणि कोळसाही कमी करायचाच आहे. अशा पेचात एका अधिकाऱ्याला दोषी ठरवून काय साधणार? आणि संख्येला जबाबदार धरलं की आकडे फुगतात. राजस्थानातला सरिस्का व्याघ्र प्रकल्प आठवा. कागदावर वाघ होते, जंगलात २००५ पर्यंत एकही उरला नव्हता.

माळरानी
सरिस्काचं पुढचंही सांगा ना. तिथे वाघ संपल्याचं उघड झाल्यावर देश हादरला, कृती दल बसलं, २००६ मध्ये कायदा बदलून व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. गणना ठशांवरून कॅमेऱ्यांवर गेली, तीही राज्यांच्या एकट्याच्या हातात राहिली नाही. २००६ चा अंदाज १,४११ वाघ, २०२२ चा ३,६८२. मोजणीची पद्धत सुधारली, क्षेत्र वाढलं, हे धरूनही फरक मोठा आहे. लाज वाटावी असा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला म्हणून हे झालं. माळढोकासाठी तो वेळेवर विचारला गेला नाही. तारांचा पेच समितीकडे गेला, पण सरकारी माळावरची झाडं काढायला कोणत्या न्यायालयाने अडवलंय? दरवर्षी विधिमंडळाच्या अधिवेशनात दोन आकडे ठेवा: किती पक्षी दिसले, किती हेक्टर गवत मोकळं आहे. मोजणी वनखात्याबाहेरच्या माणसांकडून.

सौरऊर्जावाला
गवताच्या हेक्टरला माझी हरकत नाही, ते उपग्रहावरून कुणालाही तपासता येईल. पक्ष्यांच्या आकड्यावर कुणाची बढती-बदली अडकवायला मात्र माझा विरोध कायम.

मोहोळकर
त्यात तिसरा आकडा घाला ताई. माळ तसाच राखला, गवत उभं ठेवलं, तर शेतकऱ्याला एकरी किती रुपये आणि कुठल्या महिन्यात, तेही तिथंच छापा. पाणी आलं की माझ्या शेजारचा ऊस लावतो, आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडं आज काही नाही.