मदत हवी आहे: बाबा श्रवणयंत्र लावायला तयार नाहीत

बाबांचं वय ७४. तपासणी झाली, ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख) काढला, दोन्ही कानांना श्रवणयंत्रं घेतली. पण ती डबीतच पडून आहेत. "सगळाच गोंगाट ऐकू येतो" म्हणतात, आणि ते खरंच असणार. वयामुळे आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी होतात, त्यामुळे स, श, फ निसटतात. बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. यंत्र लावलं की पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज एकदम अंगावर येतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे तज्ज्ञांनी सांगितलंय.

मला हवाय तो घरातला अनुभव. तुमच्याकडे कुणी सुरुवातीला नकार देऊन नंतर रुळलं का? रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत सुरुवात केली तर जमतं का? त्यांची बोटं थरथरतात, बारीक सेल बदलणं अवघड जातं. चार्जिंगवालं यंत्र वापरणाऱ्यांनी जरूर लिहा.

आग्रह केला की ते गप्प होतात, हल्ली चारचौघांत बसणंही टाळतात. त्याचीच जास्त काळजी वाटते. त्यांना न दुखावता हा विषय कसा काढायचा?