शून्य भरण्याआधी तारखा बघा
पायथनमध्ये वेगवेगळ्या लांबीचे अ‍ॅरे (आकड्यांच्या याद्या) एकत्र करून सरासरी कशी काढायची, यावर कमी लांबीच्या अ‍ॅरेच्या शेवटी शून्यं भरून मग स्टॅक करा (एकावर एक रचा), असं सुचवलं जातं; ते पावसाच्या आकड्यांना अजिबात लावू नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, नोंद नाही असं नव्हे. सरासरी विनाकारण खाली येते. नॅन (NaN, ‘इथे आकडा नाही’ अशी खूण) भरा आणि नमपायचं नॅनमीन, म्हणजे नॅन वगळून सरासरी काढणारं फंक्शन, वापरा (पूर्णांक असतील तर आधी फ्लोट, म्हणजे दशांश प्रकारात करा, पूर्णांकात नॅन बसत नाही).

पण खरी गोम वेगळीच आहे. खानापूर आणि अथणीच्या रोजच्या नोंदी जोडताना अथणीच्या यादीत मधलेच दिवस गायब होते. झिप_लाँगेस्ट (वेगवेगळ्या लांबीच्या याद्या जोडीनं लावणारं पायथनचं फंक्शन) भर घालतं ती शेवटीच, त्यामुळे गाळलेल्या दिवसापुढचे सगळे आकडे वर सरकतात आणि खानापूरच्या मुसळधार दिवसासमोर अथणीचा भलताच दिवस येतो. एरर मात्र येत नाही! त्यापेक्षा तारीख इंडेक्सला (प्रत्येक आकड्याची ओळख म्हणून) ठेवून पांडाज या पायथन लायब्ररीच्या दोन सिरीज (इंडेक्स असलेल्या याद्या) कॉन्कॅट फंक्शनने, अ‍ॅक्सिस 1 (म्हणजे शेजारीशेजारी रकाने) देऊन जोडा. एकाच यादीत असलेल्या तारखेसमोर दुसऱ्या यादीच्या रकान्यात नॅन आपोआप येतो.