कड्यावरची धावपट्टी
कोणीतरी विचारलंय, युद्ध संपल्यावर लष्करी धावपट्ट्यांचं पुढे काय होतं? इंग्लंडात कॉर्नवॉलमधलं पोर्टरीथ बघा. १९४१ साली अटलांटिकच्या कड्यावर लढाऊ विमानांचा तळ झाला. युद्धानंतर तिथेच, नॅन्सकूक या नावाने, सारीन हे जीवघेणं रसायन बनवलं गेलं. तिथल्या कामगारांना विषबाधा झाल्याचं वाचलं तेव्हा जीव कळवळला. १९८०च्या सुमारास रडार आलं. त्याला कडा सोयीचा, कारण रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीचा गोल पृष्ठभाग मात्र खाली झुकत जातो. जितकी उंची तितकी लांबची नजर. आमच्या रावेरला केळीच्या बागेत शिरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. पालच्या घाटात चढा, तापीकाठच्या गावांचे दिवे लुकलुकायला लागतात.