मेटा-अ‍ॅनालिसिस: महाविश्लेषण, अधिविश्लेषण की आणखी काही?

रानफूल
आरोग्यविषयक मासिकासाठी वैद्यकीय संशोधनावर लेख लिहिते आहे. 'मेटा-अ‍ॅनालिसिस'ला मराठीत काय म्हणावे? बातम्यांत 'महाविश्लेषण' वाचले, एका पुस्तकात 'अधिविश्लेषण' सापडले. मला स्वतःला 'गोळाबेरीज' जवळचा वाटतो, कारण अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून एकच उत्तर काढतात. आणि 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणजे हेच का?

तळटीप
मूळ शब्द 1976 मधला. अमेरिकन शिक्षणसंशोधक जीन ग्लास यांनी तो वापरात आणला आणि 'विश्लेषणांचे विश्लेषण' अशी त्याची फोड केली. पद्धतीची मुळे मात्र त्याहून जुनी. कार्ल पिअर्सन यांनी 1904 मध्ये विषमज्वराच्या लशीबद्दल दक्षिण आफ्रिका आणि भारतातल्या ब्रिटिश सैनिकांची वेगवेगळी आकडेवारी एकत्र तपासली होती.

'मेटा' या ग्रीक उपसर्गाला मराठीत ठरलेला जोडीदार नाही. मेटाबॉलिझमचे चयापचय झाले, मेटामॉर्फोसिसचे रूपांतरण. दर वेळी अर्थ बघूनच शब्द घडवावा लागतो. इथला अर्थ 'आधीच्या विश्लेषणांवर केलेले', म्हणून 'अधि' बसतो. 'महा' बसत नाही. महापूर, महायुद्ध, महामार्ग या शब्दांमुळे महाविश्लेषण म्हणजे काहीतरी प्रचंड आणि म्हणून अंतिम, असे वाचणाऱ्याच्या मनात भरते. प्रत्यक्षात दोन लहान चाचण्यांचेही मेटा-अ‍ॅनालिसिस करता येते, आणि ते पूर्ण चुकीचेही असू शकते.

सांख्यिक
'गोळाबेरीज' मात्र कृपा करून नको. बेरीज करायची नाही, हाच या पद्धतीचा गाभा आहे. काल्पनिक आकडे घेऊन दाखवतो.

पहिली चाचणी सौम्य आजाराच्या रुग्णांवर. औषध घेतलेले 100, त्यांतले 10 दगावले, म्हणजे 10 टक्के. औषध न घेतलेले 400, त्यांतले 48 दगावले, म्हणजे 12 टक्के. दुसरी चाचणी गंभीर रुग्णांवर. औषध घेतलेले 400, मृत्यू 120, म्हणजे 30 टक्के. न घेतलेले 100, मृत्यू 35, म्हणजे 35 टक्के. दोन्हीकडे औषधाचा गट सरस.

आता सगळे रुग्ण एका पोत्यात भरा. औषधाच्या गटात 500 पैकी 130 मृत्यू, म्हणजे 26 टक्के. दुसऱ्या गटात 500 पैकी 83, म्हणजे 16.6 टक्के. जे औषध दोन्ही चाचण्यांत उपयोगी दिसले तेच बेरजेत घातक ठरले! याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

म्हणून प्रत्येक चाचणीतली तुलना त्या चाचणीच्या आतच करायची, तिथला फरक काढायचा, आणि मग त्या फरकांची भारित सरासरी घ्यायची. ज्या चाचणीचे उत्तर जास्त नेमके, तिला जास्त भार. शाळेत शिकलेला 'भार' हा शब्द इथे चपखल आहे, तो लेखात जरूर वापरा.

वॉर्ड नंबर चार
मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये काम करते. आमच्या विभागात सगळे सरळ मेटा-अ‍ॅनालिसिसच म्हणतात, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला मनापासून बोलायचे आहे, कारण आमचे रेसिडेंटही इथेच घोळ करतात.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे पद्धतशीर आढावा. मेटा-अ‍ॅनालिसिस ही त्या आढाव्यातली शेवटची आकडेमोड, आणि तीही जमली तरच. चाचण्या एकमेकींशी जुळणाऱ्या नसतील तर आढावा आकडेमोडीविनाच लिहितात आणि तो तितकाच मोलाचा असतो. सॉफ्टवेअरवरची आकडेमोड एका दुपारीत होते. आढाव्याला महिनोन्महिने लागतात.

आधी प्रश्न काटेकोर बांधायचा: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, काय मोजणार. मग आराखडा प्रॉस्पेरोवर नोंदवायचा. ही ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाची नोंदवही 2011 पासून सुरू आहे. चाचण्यांतली माहिती उतरवून घ्यायला लागण्यापूर्वी नोंद झाली पाहिजे, नाहीतर निकाल बघून प्रश्न बदलायची वाट मोकळी राहते. मग शोध. फक्त पबमेड हा वैद्यकीय लेखांचा संग्रह पुरत नाही. एम्बेस हा तसाच दुसरा संग्रह, असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा चाचण्यांचा संग्रह, आणि चाचणी-नोंदणीची संकेतस्थळेही बघायची. आपल्याकडची सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांची नोंदवही, 2007 पासून आहे. तिथे नोंदवलेली पण कधीच न छापलेली चाचणी सापडली तर ती हाती लागलेली सोन्यासारखी माहिती, कारण निकाल मनासारखा न लागलेल्या चाचण्याच बहुधा मागे पडतात.

शीर्षके आणि सारांश दोघांनी स्वतंत्रपणे चाळायचे, मतभेद झाला तर तिसऱ्याला विचारायचे. निवडलेल्या प्रत्येक चाचणीत कुठे कल शिरला असेल ते तपासायचे: रुग्णांचे गट पाडायच्या चिठ्ठ्या खरोखर यादृच्छिक होत्या का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, मधेच किती जण गळाले. 'बायस'ला पाठ्यपुस्तकी शब्द अभिनती. सामान्य वाचकासाठी 'कल' किंवा 'झुकाव' लिहा. 'पूर्वग्रह' नको, त्यात माणसाच्या हेतूवर बोट ठेवल्यासारखे होते, आणि इथे दोष बहुतेकदा चाचणीच्या रचनेत असतो.

तळटीप
'चाळणे' हा शब्द फार आवडला. स्क्रीनिंगला 'छाननी' म्हणतात, पण छाननीत अर्जाचा वास येतो.

रानफूल
मग 'फिक्स्ड इफेक्ट' आणि 'रँडम इफेक्ट्स'? मी 'स्थिर परिणाम' आणि 'यादृच्छिक परिणाम' लिहिले आहे.

सांख्यिक
दुसऱ्याने वाचक फसेल. 'यादृच्छिक परिणाम' वाचून औषधाचा परिणाम लहरीवर अवलंबून आहे असे वाटते. सांगायचे असते ते वेगळेच. पहिल्या प्रारूपात सगळ्या चाचण्यांमागे एकच खरा परिणाम आहे असे धरतात. दुसऱ्यात तो चाचणीगणिक थोडा बदलतो असे धरतात. 'एक-परिणाम प्रारूप' आणि 'बदलता-परिणाम प्रारूप' असे लिहून बघा.

या निवडीने निकाल फिरतो. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याबद्दल 1991 मध्ये सात लहान चाचण्यांचे, मिळून 1301 रुग्णांचे मेटा-अ‍ॅनालिसिस आले आणि मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास घटलेला दिसला. मग 1995 मध्ये आयसिस-4 ही 58,050 रुग्णांची एकच चाचणी छापली गेली. तिच्यात फायदा दिसला नाही. आता सगळे एकत्र घ्या. एक-परिणाम प्रारूपात मोठ्या चाचणीचा भार प्रचंड, म्हणून फायदा नाहीसा होतो. बदलत्या-परिणाम प्रारूपात लहान चाचण्यांना भार जास्त मिळतो आणि फायदा टिकून दिसतो. आकडे तेच, उत्तरे दोन. म्हणून कोणते प्रारूप आणि का, हे आराखड्यातच आधी लिहून ठेवायचे असते.

लहान आणि अनुकूल चाचण्याच छापल्या जाणे हे अशा फसगतीचे मोठे कारण मानतात. ते ओळखायला 'फनेल प्लॉट', म्हणजे नरसाळे-आलेख काढतात: प्रत्येक चाचणीचा एक ठिपका, आणि सगळे ठिपके मिळून उपड्या नरसाळ्यासारखे दिसायला हवेत. नरसाळ्याची एक बाजू रिकामी दिसली की शंका घ्यायची. पण दहापेक्षा कमी चाचण्या असतील तर त्यावरून फारसे काही म्हणू नये.

वॉर्ड नंबर चार
'परिणाम' शब्दाकडेही लक्ष द्या. इफेक्ट, आउटकम, रिझल्ट, तिन्हींना आपण परिणाम म्हणून मोकळे होतो. मी औषधाचा तो परिणाम, मोजायची ती निष्पत्ती आणि हाती आला तो निकाल, असे वाटून घेतले आहे. तसेच 'स्टडी'ला प्रत्येक वेळी 'अभ्यास' लिहू नका. जिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले तिथे 'चाचणी' म्हणा.

रानफूल
लेखात छापण्याच्या टप्प्यावरही एक परिच्छेद हवा आहे. नियतकालिके काय मागतात?

वॉर्ड नंबर चार
बहुतेक ठिकाणी प्रिझ्मा, म्हणजे आढावा कसा लिहावा याची नियमावली. तिची 2020 ची यादी 27 मुद्द्यांची आहे आणि प्रत्येक मुद्दा तुमच्या लेखात कोणत्या पानावर आला ते लिहून द्यावे लागते. सोबत प्रवाह-तक्ता: किती नोंदी सापडल्या, दुबार किती काढल्या, पूर्ण लेख वाचून किती वगळले आणि का. प्रॉस्पेरोचा क्रमांक आणि आराखड्यापासून कुठे फारकत घेतली तेही सांगायचे. शोधासाठी वापरलेली शब्दजुळणी प्रत्येक संग्रहासाठी जशीच्या तशी परिशिष्टात द्यायची, म्हणजे दुसऱ्याला तोच शोध पुन्हा करता येतो.

पाठवण्याआधी शोध पुन्हा चालवायचा आणि घेतलेल्यांपैकी एखादी चाचणी मागे घेतली गेली आहे का तेही बघायचे. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिनबद्दल इजिप्तमधल्या एका चाचणीचा, छापण्याआधीच इंटरनेटवर टाकलेला मसुदा जुलै 2021 मध्ये मागे घेतला गेला. तोवर तो अनेक मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये शिरला होता आणि भारही बराच घेऊन बसला होता. तो काढल्यावर मृत्यू कमी होण्याचा फायदा पुष्कळ विरला. रुग्णांना ते औषध दिले जात असताना हे घडत होते.

तळटीप
लेखात चित्र घालणार असाल तर कॉक्रेनच्या बोधचिन्हाबद्दल लिहा. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या आईला स्टेरॉइड दिले तर बाळ वाचते का, यावरच्या सात चाचण्या त्यात आहेत. त्यांतली पहिली न्यूझीलंडमधली, 1972 ची. प्रत्येक चाचणीची एक आडवी रेष आहे, आणि मधली उभी रेष म्हणजे 'काहीच फरक नाही'. ज्या चाचणीची आडवी रेष या उभ्या रेषेला छेदते, तिला एकटीने ठाम उत्तर देता आले नाही असे समजायचे. खालचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे सगळ्यांचे मिळून आलेले उत्तर, आणि तो उभ्या रेषेपासून स्पष्ट बाजूला, फायद्याकडे आहे. पुरावा हाताशी असूनही पुष्कळ प्रसूतितज्ज्ञ 1990 च्या दशकापर्यंत हे औषध देत नव्हते.

रानफूल
हे नक्की घेते. शीर्षकात 'अधिविश्लेषण', पहिल्याच वाक्यात 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हा रूढ शब्द, आणि आढाव्याला वेगळा परिच्छेद असे ठरवले. 'सिग्निफिकंट'ला मी 'महत्त्वपूर्ण' लिहिले होते, ते ठेवू का?

सांख्यिक
नको. संख्याशास्त्रात 'सार्थ' म्हणतात, वाचकाला सवय नसेल तर 'निव्वळ योगायोगाने इतका फरक पडणे अवघड' असे उलगडून लिहा. फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शंभरामागे किती जण वाचले ते वेगळे द्या.